जाते म्हणालीस तेव्हा

मेहकर, २ नोव्हेंबर २०२५

अर्पिता,

तू फोन उचलत नाहीस. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात, उत्तर येत नाही. म्हणून पत्र. तू ते न फोडता ठेवून दिलंस तरी मला कळणार नाही, एवढी सोय पत्रात आहे.

तुला सातवा लागल्याचं आईकडून कळलं. हरिओमरावांनी जालन्याच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं हे बरं केलं.

आपल्याकडे बाळंतपणाला मुलीला माहेरी आणतात आणि आणायला जाणाऱ्याला मुराळी म्हणतात. तुला भाऊ नाही, तेव्हा मुराळी मीच. गेल्या वेळी देऊळगाव राजाला तुला घ्यायला मीच आलो होतो. या वेळी तुझी आई विचारायला कचरतेय, म्हणून मी विचारतो. कधी येऊ? मागची खोली रंगवून घेतली आहे. माळ्यावरचं बाळाचं सामान मात्र खाली काढलेलं नाही. ते तू आल्यावर, तुझ्या मनाने.

गेल्या वर्षी बाळ गेलं, त्याच रविवारी संध्याकाळी मी आमच्या स्टोइक अभ्यास मंडळात त्यावर शांतपणे बोललो आणि त्याचा व्हिडिओ फिरला. तो मी मंडळातल्या गजेंद्रला सांगून काढून टाकायला लावला आहे. मुळात त्याने तो मला न विचारताच काढला होता. माझा हेतू वाईट नव्हता, हे तरी तू मान्य करशील. मी आधी कसा होतो ते तुला माहीत आहे. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट भिंतीवर गेलेलं तू पाहिलं आहेस. त्या माणसाला स्टोइकांनी, त्या जुन्या ग्रीक-रोमन विचारवंतांनी, माणसात आणलं. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, एवढं रोज सकाळी तपासायला त्यांनी शिकवलं आणि ताटं फुटायची थांबली. त्या वर्षी तुझी आई म्हणाली होती की घरात आता आवाज ऐकू येतात, घड्याळाचा, पाण्याचा. मी त्याच माणसांचं ऐकून त्या रविवारी उभा राहिलो.

मला लाज वाटते असं लिहिणार होतो. ते वाक्य मी दोनदा लिहून खोडलं. लाज ही लोक आपल्याला काय म्हणतील याची भीती असते, आणि लोकांचं मत आपल्या हातात नसतं, असं मी मंडळात शिकवत आलो आहे. तरी खोडलेलं दिसतंच आहे.

कधी येऊ ते कळव.

बाबा


मेहकर, १६ नोव्हेंबर

अर्पिता,

तू पत्र वाचलंस हे कळलं. ते असं कळलं याचा मला आनंद नाही.

मंगळवारी तुझ्या आईने तुझा फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात न जाता माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "पोरगी म्हणून राह्यली, बाबाले सांग, व्हिडिओ अजून तिथंच हाये. मी आत्ताच पाह्यला."

मी गजेंद्रला सांगितलं नव्हतं. पत्र लिहिताना वाटलं, उद्या सांगू. म्हणजे पत्र पोचेपर्यंत ते खरं होईल. चाळीस मुलांसमोर बत्तीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलेला माणूस असा विचार करतो. मग सांगायचं राहिलं. राहिलं असंही नाही. गजेंद्रला फोन लावण्याआधी मी तो व्हिडिओ एकदा उघडला आणि शेवटपर्यंत पाहिला. मी त्यात कसा दिसतो ते मला बघायचं होतं, अर्पिता. आवाज कापतो का ते बघायचं होतं. कापत नव्हता. मला बरं वाटलं. ते बरं वाटल्याचं लक्षात आल्यावर मी फोन उपडा ठेवला, आणि त्या दिवशी गजेंद्रला फोन केला नाही, कारण त्याच्याशी बोलताना ते माझ्या आवाजात कळलं असतं.

आता काढून टाकला आहे. मंगळवारीच, तुझ्या आईसमोर बसून. तिने खात्री करून घेतली.

बुधवारी ती तुझ्याकडे निघाली ते तुला ठाऊक आहे. ती दारात कशी निघाली ते तिने सांगितलं नसेल. पिशवी उचलली, चपला घातल्या आणि मागे वळून मला विचारलं, "येते म्हणू का जाते म्हणू? नियम तुमचा हाये."

त्या नियमाबद्दल लिहायलाच हवं. घरातून निघताना कोणी जातो म्हणत नाही, येतो म्हणतात, आणि घरातला माणूस 'ये' म्हणतो. सगळं गाव असंच करतं. मी ते बंद केलं. परत येणं आपल्या हातात नाही, मग तसा शब्द का द्यावा, असं माझं म्हणणं. जातो म्हणावं, खरं बोलावं, आणि मागे राहणाऱ्यानेही ते ऐकायची सवय करावी. तुझी आई वर्षानुवर्षं त्यावर काहीच न म्हणता पिशवी घेऊन निघून जायची. तू कॉलेजला जाताना मुद्दाम माझ्या कानाशी येऊन "येते, येते, येते" असं तीनदा म्हणून पळायचीस. मी रागावल्याचं नाटक करायचो. दिवसभर मला तो आवाज पुरायचा. हे तुला कधी सांगितलं नाही. नियमात बसत नव्हतं.

गेल्या वर्षी सव्वा महिना झाल्यावर हरिओमराव तुला न्यायला आले. तू उंबऱ्यात थांबलीस आणि म्हणालीस, "जाते, बाबा."

तुझ्या आईने बुधवारी त्याच उंबऱ्यात मला सांगितलं, "तिनं तुमचा शब्द तुमाले वापस केला. तुमाले ते समजलं बी नाई. तुम्ही खुश झाल्ते. मी पाह्यलं तुमचं तोंड."

ती कुठलाच शब्द न बोलता गेली. बस सुटल्यावर मला सुचलं की मी तिला स्टँडपर्यंत पोचवायला जायला हवं होतं.

मुराळी म्हणून येण्याचं मी आता विचारत नाही.

बाबा


मेहकर, ३० नोव्हेंबर

अर्पिता,

आईने तुला सगळं सांगितलं असेल असं धरून चालत होतो. पण एक गोष्ट तिलाही माहीत नाही, आणि ती तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मी लिहितो.

तुझ्या आईचं खरं आहे, मी खूश झालो होतो. तू जाते म्हणालीस, डोळ्यांत पाणी नाही, आवाज सरळ. मला वाटलं, इतक्या वर्षांनी पोरीला समजलं. दुःख तिच्यावरून गेलं आणि ती उभी राहिली. आणि त्या रविवारी मी मंडळात तेही सांगितलं. तुझं नाव घेतलं. काल माझी मुलगी सासरी गेली, तिने एकच शब्द वापरला, असं म्हणून मी थोडा थांबलो. कुठे थांबायचं ते मला कळतं. मग तो शब्द सांगितला. गजेंद्र त्या दिवशी आला नव्हता म्हणून त्याचा व्हिडिओ नाही. नाहीतर तो तुझ्यापर्यंत पोचला असता आणि मला हे लिहावं लागलं नसतं.

तुझ्या रागाचं मी उदाहरण केलं. बाळाचं केलं होतंच.

आज मंडळात हे सांगायचं ठरवून गेलो होतो. वाचनालयाच्या वरच्या खोलीत नेहमीचे लोक होते. मी उभा राहिलो आणि म्हणालो की आज विषय नाही, मला एक चूक सांगायची आहे. सांगायला लागलो आणि पुन्हा तेच झालं. वाक्यं जुळून यायला लागली. लोकांचे चेहरे गंभीर झाले. एकाने मान डोलावली. मला कळलं की थोड्या वेळात हे टाळ्या वाजवणार आहेत, माझ्या कबुलीला. मी मध्येच बसलो. कोणाला काही समजेना. गजेंद्रने पाणी आणून दिलं.

सगळे गेल्यावर आपले शेजारचे उकंडराव तेवढे थांबले. तुला आठवत असेल, हे मंडळात येतात ते घरी सून टीव्ही लावते म्हणून, असं ते स्वतःच सांगतात. चप्पल घालता घालता म्हणाले, "सर, लेकरू गेलं त्या दिवशी मी उशिरा आलो होतो. पाठीमागं बसलो होतो. मातीचे पाय होते म्हणून सतरंजीवर नाई बसलो."

मी म्हणालो, माहीत आहे.

"तुमाले माहीत नाई," ते म्हणाले. "जावईबापूनं पोरीले खाली ठेवलं. माती द्यायची वेळ आली त मंग आजा कुठं हाये म्हणून सगळे इकडं तिकडं पाहू लागले. मंग तुमच्या वाटची मूठ मी टाकली. सांगन सांगन म्हणलं, पण तुम्ही तिथं बोलून राह्यले होते, अन् लोकं टाळ्या वाजवून राह्यले होते. मंग मी काऊन सांगू?"

तुला असं सांगितलं गेलं होतं की मी दवाखान्याचे कागद करत होतो. कागद हरिओमरावांच्या भावाने केले. मी पैनगंगेवर गेलो नाही. मी घरी येऊन आंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि वाचनालयात गेलो. वेळेच्या आधी पोचलो. सतरंजी मीच अंथरली.

उकंडरावांना मी विचारलं की तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या का. त्यांनी हात पुढे करून दाखवला. "ह्या हातानं?" म्हणाले. मग माझ्या खांद्यावर तोच हात ठेवून, सर, चला आता, सुनेची मालिका संपली असन, असं म्हणून मला घरापर्यंत सोडून गेले.

मंडळ मी बंद केलेलं नाही. बंद केलं तर त्याचंही लोक कौतुक करतील. फक्त मी जाणार नाही.

हे वाचून तुला काय वाटेल ते माझ्या हातात नाही, असं लिहायचं सुचलं होतं. हे वाक्य मी आयुष्यभर ढालीसारखं वापरलं. आज ते खाली ठेवतो. तुला काय वाटेल याची मला भीती वाटते.

बाबा


मेहकर, १४ डिसेंबर

अर्पिता,

काल तुझ्या घरी येऊन गेलो आणि आज पत्र लिहितो आहे, हे विचित्र आहे. पण समोर बसून जे बोलता आलं नाही ते इथेच बोलता येईल.

न विचारता आलो. मुराळी म्हणून आलो नव्हतो, तरी रस्त्यातल्या दुकानदाराने पत्ता सांगताना विचारलं, लेकीला न्यायला आले का. मी हो म्हणालो. त्याला खरं सांगायचं धाडस झालं नाही. चिखलीला दुपारची गाडी चुकली होती, म्हणून पोचायला उशीर झाला, उन्हं उतरली होती. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी बराच वेळ उभा होतो. बालाजीच्या दर्शनाला जाणाऱ्या बायका मला वळसा घालून जात होत्या.

तुझ्या सासूबाईंनी, सुभद्राबाईंनी, दार उघडलं. त्यांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं याचा विचार मी बसमध्ये केला होता. त्या एवढंच म्हणाल्या, "या इवाई. बाहेर कशाला उभे राहिले? शेजारचे म्हणतील, आम्ही इवायाला पाणी बी विचारीत नाही." मग आत हाक मारली, "अर्पिता, तुझे बाबा आलेत. यायचं तर ये, नसलं यायचं तर पडून राहा." तुझी आई चहा ठेवायला उठली आणि माझ्याकडे न बघता गेली.

तू आलीस. भिंतीला हात लावून बसलीस. तुझे पाय सुजलेले दिसले. मी विचारलं, पाय सुजतात का. तू म्हणालीस, हो. हवापाणी, डॉक्टर, रस्ता, सगळे विषय मी बसमध्ये ठरवून आणले होते. एकही आठवला नाही.

मग तू विचारलंस.

"पत्रं वाचली. माती द्यायला गेला नाहीत, ते समजलं. पण दवाखान्यात दोन दिवस होती ती. मला उठू देत नव्हते, मला एकदाच नेलं पेटीजवळ, चाकाच्या खुर्चीवर. आई सांगते कशी होती, हरिओम सांगतो. दोघांचं वेगळं असतं. तुम्ही नीट बघता सगळं. तुम्ही सांगा, कशी दिसत होती?"

चारही पत्रांत मी जे लिहिलं नाही, ते हे. चार नाहीत, तीन. बघ, अजूनही मोजायला चुकतो.

मी तिला पाहिलं नाही, अर्पिता. काल मी हे तुझ्या तोंडावर म्हणालो, आणि ते म्हणताना माझा आवाज माझा नव्हता. काचेच्या पेटीजवळ एकेकाला सोडायचे. माझी पाळी आली की मी औषधं आणायला खाली उतरायचो. औषधं आणून झालेली असली तरी. नर्सने एकदा हाक मारली, आजोबा, या, आता या. मी पायऱ्या उतरत होतो. तिने ते मोठ्याने म्हटलं, खालच्यांनीही ऐकलं. मी वळलो नाही. पाहिलं असतं तर मी शांत राहू शकलो नसतो, आणि शांत नसलेला मी कसा असतो ते मला माहीत होतं. ताट फेकणारा. मला वाटलं, तो परत येईल. आता वाटतं, तो आला नसता. रडणारा एक म्हातारा आला असता, बस. त्यालाच मी घाबरलो.

लोकांनी ज्याला स्थिरता म्हणून टाळ्या दिल्या, ती पायऱ्यांवरून खाली उतरणाऱ्या माणसाची पाठ होती. स्टोइकांना यात मी दोष देणार नाही. त्यांनी तोंड फिरवायला कुठेच शिकवलेलं नाही. उलट, आहे ते आहे तसं बघा, हीच त्यांची पहिली अट. मी तेवढीच अट सोडून बाकी सगळं पाठ केलं.

आतून स्टोव्हचा आवाज येत होता. मग तू रागावशील म्हणून मी तयार झालो, आणि तू म्हणालीस,

"कान तुमचे होते."

माझा हात माझ्या कानाकडे गेला.

"वरून दुमडलेले," तू म्हणालीस. "उजवा जास्त. मी नर्सला म्हणाले, हे आमच्या बाबांचे कान आहेत, त्यांना बोलवा, दाखवायचंय. ती म्हणाली, ते औषधं आणायला गेलेत."

त्यानंतर मी जे केलं ते तुझ्या आईने, तुझ्या सासूने आणि तू पाहिलं आहे. त्याबद्दल लिहायची गरज नाही. सुभद्राबाईंनी मला तोंड पुसायला टॉवेल दिला, आणि नंतर म्हणाल्या, "चहा थंड झाला, दुसरा ठेवते. साखर जास्त टाकते, इवाई. लई रडलं की तोंड कडू होतं." तुझी आई हसली. तिला हसताना मी फार दिवसांनी पाहिलं, आणि तेही माझ्यावर.

तू हसली नाहीस. ते बरोबरच आहे. बाळंतपण इथेच होईल असं तू स्पष्ट सांगितलंस. त्यातही तू बरोबर आहेस. ज्या घरातून तू तशी गेलीस, तिथे तुला आणायला मी कोणत्या तोंडाने यावं?

निघताना मी दारात चपला घातल्या आणि माझ्याकडे कुठलाच शब्द नव्हता. जातो म्हणवेना. येतो म्हणायचा मला हक्क नव्हता. शेवटी म्हणालो, येतो. इतक्या हळू म्हणालो की मला वाटलं ऐकू गेलं नसेल. सुभद्राबाई म्हणाल्या, या. तुझी आई म्हणाली, सांभाळून. मी तुझ्याकडे पाहिलं. तू उंबऱ्याशी उभी होतीस, ऐकलं होतंस. तू 'या' म्हणाली नाहीस.

मी ते तक्रार म्हणून लिहीत नाही. सांगायचं एवढंच की या वेळी मला समजलं.

बाबा


मेहकर, १९ जानेवारी २०२६

अर्पिता,

आईचा फोन सकाळी आला. मुलगी, अडीच किलोच्या वर, रडणं खणखणीत, तू बरी आहेस. मी उभ्यानेच ऐकलं आणि मग बसलो. उकंडराव कुंपणावरून विचारत होते, काय झालं, काय झालं, आणि मला सांगता येईना. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि घाबरून आत धावत आले. मग दोघांनी मिळून गूळ खाल्ला, घरात दुसरं गोड नव्हतं.

मला भीती वाटते आहे. बाळ ठीक आहे, आई तीन तीनदा सांगते, तरी वाटते. ही भीती मी तपासलेली नाही, तिला काही समजावलेलं नाही. ती असू दे. ती घेऊनच दारात उभा राहीन आणि आधी बघेन. तू बघू दिलंस तर. कान कसे आहेत ते मला फोनवर सांगू नको असं मी आईला सांगितलं आहे.

हे पाकीट तुझ्यापर्यंत पोचायच्या आत मी पोचलेला असेन. तरी लिहितो, कारण तुझा निरोप लिहून ठेवायचा आहे. मी काय करावं असं आईला विचारलं होतं. तिने फोन बाजूला धरून तुला विचारलं. तू आतून जे म्हणालीस ते मला नीट ऐकू आलं नाही, म्हणून तिने ते तुझ्याच शब्दांत पुन्हा सांगितलं.

"बाबांना म्हण, दुपारच्या गाडीनं नको, ती चिखलीला चुकते. सकाळच्या गाडीनं या."

बाबा